गोळी सुरू करायची म्हणतेस, पण आधी त्या डोकेदुखीचं बघू

तुझा प्रश्न मी दोनदा वाचला. वय २७, लग्नाला आठ महिने, घणसोलीत सासू-सासऱ्यांबरोबर राहतेस, ऐरोलीला आयटी कंपनीत जॉब, शिफ्ट दर पंधरा दिवसांनी बदलते, दोन वर्षं मूल नको हे तुम्हा दोघांचं ठरलंय. आतापर्यंत कंडोम, आणि कधी राहिलाच तर आयपिल, म्हणजे संबंधांनंतर घ्यायची तातडीची गोळी, ती गेल्या चार महिन्यांत तीनदा. आता केमिस्टकडून २१ गोळ्यांचं पाकीट आणून ठेवलंयस पण सुरू करायचा धीर होत नाही, कारण जाऊबाई म्हणाल्या की या गोळ्यांनी गर्भपिशवी सुकते. आणि सगळ्यात शेवटी सहज लिहिल्यासारखं लिहिलंयस, "अधूनमधून पित्ताने डोकं दुखतं, अर्धशिशीसारखं, बाकी काही नाही." मी ठाण्यात बावीस वर्षं स्त्रीरोगतज्ज्ञ म्हणून प्रॅक्टिस करतेय, माझी मुलगी जवळपास तुझ्याच वयाची आहे म्हणून अगंतुगं करतेय, राग मानू नकोस.

बाकीचं नंतर, आधी ती शेवटची ओळ. आपल्याकडे बायका डोकेदुखीला सरसकट पित्त म्हणतात, उपास केला, चहा उशिरा झाला, उन्हात गेलं की पित्त, उलटी झाली की बरं वाटतं. त्यातली बरीच पित्तं म्हणजे मायग्रेन असतं, आणि मायग्रेन आहे एवढं कळूनही पुरत नाही. मला हे कळायला हवंय की डोकं दुखायच्या आधी किंवा दुखताना तुला डोळ्यासमोर चमकत्या नागमोडी रेषा दिसतात का, नजरेचा एखादा तुकडा दिसेनासा होतो का, हाताला किंवा ओठांना मुंग्या येतात का, बोलताना शब्द सापडत नाहीत असं होतं का, पाच मिनिटांपासून तासाभरापर्यंत टिकून मग आपोआप जातं का. याला ऑरा म्हणतात. एक पेशंट होती माझी, कळव्याची, वर्षभर अशाच गोळ्या घेत होती, तिला कुणी हे विचारलंच नव्हतं. मी विचारल्यावर आधी नाही म्हणाली, मग दोन मिनिटांनी म्हणाली, "मॅडम, एकदा ट्रेनमध्ये समोर बसलेल्या बाईचा अर्धा चेहराच दिसत नव्हता, नाक आणि एकच डोळा, मी घाबरून खाली मान घालून बसले, वाशी येईपर्यंत सगळं नीट दिसायला लागलं आणि मग डोकं ठणकायला लागलं." हाच ऑरा. त्याच दिवशी तिची गोळी बंद केली. कारण ऑरा असलेल्या मायग्रेनमध्ये इस्ट्रोजेन हे हॉर्मोन असलेली गोळी, म्हणजे तू आणलीयस तसली, घेतली तर पक्षाघाताचा धोका वाढतो, आणि हे कुठल्याही वयात, २७ असलं तरी. ऑरा नसेल आणि वय ३५च्या आत असेल तर गोळी चालते, फक्त सुरू केल्यावर डोकेदुखी वाढली किंवा तिचा प्रकार बदलला तर थांबून दाखवायचं.

तर आधी याचं उत्तर शोध. मागच्या चार-पाच वेळा डोकं दुखलं तेव्हा नेमकं काय काय झालं ते आठव, नवऱ्यालाही विचार, कधीकधी शेजारच्या माणसाच्या जास्त लक्षात असतं.

दुसरं म्हणजे बीपी. गोळी सुरू करायच्या आधी खरोखर लागणारी तपासणी ही एवढी एकच. सोनोग्राफी लागत नाही, हॉर्मोनच्या टेस्ट लागत नाहीत, आतून तपासणी पण लागत नाही, त्यामुळे कुणी हजारोंच्या टेस्टची चिठ्ठी हातात दिली तर कशासाठी ते विचारायचं, तो तुझा हक्क आहे. बीपी १४०/९० किंवा त्याच्या वर असेल तर ही गोळी नको. मग काही सरळ प्रश्न: पायात किंवा फुफ्फुसात कधी रक्ताची गुठळी झालीये का, आईला किंवा सख्ख्या बहिणीला कमी वयात झालीये का, हार्टचा, लिव्हरचा आजार आहे का, सध्या कावीळ आहे का, खूप वर्षांचा डायबेटीस, स्तनाचा कॅन्सर, अंगावर पिणारं बाळ सहा महिन्यांच्या आतलं आहे का. सिगरेट ओढतेस का हेही मी सगळ्यांना विचारते, शिफ्टवाल्या मुलींना तर नक्की विचारते, त्यात मी कुणाची परीक्षा घेत नसते, ३५च्या पुढे सिगरेट आणि ही गोळी एकत्र चालत नाही म्हणून विचारते, आणि तुझ्या वयात ओढत असलीस तर हे आत्ताच माहीत असलेलं बरं. शिवाय चालू असलेली औषधं. आपल्या भागात टीबी भरपूर आहे, टीबीच्या औषधातल्या रिफाम्पिसिनमुळे गोळीचा परिणाम कमी होतो, फिट्सच्या काही औषधांचंही तसंच, फेनिटॉइन, कार्बामाझेपिन वगैरे. सर्दी-तापाला देतात त्या साध्या अँटिबायोटिकने काही होत नाही, ती भीती उगाच पसरलीये.

आता तुझ्या त्या पाकिटाबद्दल. तू नाव लिहिलंयस, ती ड्रोस्पायरेनोनवाली गोळी आहे (अशा गोळीत इस्ट्रोजेनच्या जोडीला आणखी एक हॉर्मोन असतं, त्याचं हे नाव), केमिस्ट म्हणाला "याने चेहरा पण क्लिअर होतो". गोळी वाईट नाही, मी पण देते, पण पहिल्यांदा सुरू करताना माझी पसंती साध्या जुन्या लेव्होनॉरजेस्ट्रेलवाल्या गोळीला असते, त्यात लेव्होनॉरजेस्ट्रेल ०.१५ मिलिग्रॅम आणि इस्ट्रोजेन ०.०३ मिलिग्रॅम. माला-डी म्हणजे हीच, सरकारी केंद्रात फुकट मिळणारी माला-एन म्हणजे पण हीच, आणि चांगल्या पाकिटातल्या महागड्या काही ब्रँडमध्ये पण अगदी हेच असतं. सरकारी गोळी म्हणजे हलकी असं जे आपल्या डोक्यात बसलंय ते काढून टाक. गुठळीचा हिशोब सांगते म्हणजे कळेल: गोळी न घेणाऱ्या, गरोदर नसलेल्या दहा हजार बायकांत वर्षभरात साधारण दोघींना गुठळी होते, लेव्होनॉरजेस्ट्रेलवाली घेणाऱ्यांत पाच ते सात जणींना, ड्रोस्पायरेनोनवाली घेणाऱ्यांत नऊ ते बारा जणींना. गरोदरपणात आणि बाळंतपणानंतर धोका याहून जास्त असतो हेही लक्षात ठेव, नाहीतर हे आकडे वाचून घाबरशील. धोका दोन्हीकडे लहानच आहे, पण कमी धोक्याची गोळी निम्म्याहून कमी पैशात मिळत असताना जास्तीची कशाला? चेहऱ्यावर खूप पिंपल्स असतील, पीसीओडी असेल, म्हणजे पाळी अनियमित करणारा अंडाशयाचा हॉर्मोनचा त्रास, तर गोष्ट वेगळी, ते बघून ठरवतात. सायप्रोटेरॉनवाल्या गोळ्या तर फक्त मूल नको म्हणून घ्यायच्याच नसतात.

आयपिलचं बोलायलाच हवं कारण माझ्याकडे येणाऱ्या निम्म्या मुलींच्या डोक्यात आयपिल आणि रोजची गोळी एकच आहे. आयपिलमध्ये लेव्होनॉरजेस्ट्रेलच असतं पण १.५ मिलिग्रॅम, म्हणजे रोजच्या एका गोळीच्या दहा पट, एकदम. ती ७२ तासांच्या आत, जितकी लवकर तितकी चांगली, आणि ती बीज बाहेर पडणं पुढे ढकलते, बस. बीज आधीच बाहेर पडलं असेल तर उपयोग होत नाही, आणि घेतल्यानंतर त्याच महिन्यात पुन्हा संबंध आले तर त्यासाठी ती पुरत नाही. तुझी पाळी नऊ दिवस पुढे गेली असंही लिहिलंयस, ती बहुतेक त्यानेच. तीनदा घेतलीस म्हणून शरीराचं कायमचं काही बिघडलेलं नाही, ती काळजी सोड, पण दर महिन्याला तिच्या भरवशावर राहणं म्हणजे कधीतरी दिवस जाणारच. गरज पडेल तेव्हा ती हाताशी असावी, नेहमीचा उपाय म्हणून नको.

रोजची गोळी अगदी बिनचूक घेतली तर वर्षभरात हजारात तिघींना दिवस जातात, प्रत्यक्षात आपण माणसं घेतो तशी घेतली तर शंभरात साधारण सात जणींना. हा एवढा मोठा फरक कुठून येतो? बायका विसराळू असतात म्हणून म्हणतात लोक, पण मी बावीस वर्षांत जे बघितलं त्यावरून सांगते, मधली एखादी गोळी विसरली म्हणून फारसं बिघडत नाही, बिघडतं ते दोन पाकिटांच्या मधल्या गॅपमध्ये. हे उत्तर लिहायला बसले ते मुख्यतः याचसाठी, त्यामुळे हा भाग नवऱ्यालाही वाचून दाखव.

२१ गोळ्या संपल्या की सात दिवस सुट्टी. त्या सात दिवसांत अंडाशय हळूहळू जागं व्हायला लागतं, एखादं बीज वाढायला लागतं, आणि आठव्या दिवशी नवीन गोळी पोटात गेली की ते पुन्हा दबतं. म्हणजे सात दिवस ही शेवटची हद्द आहे. नववा दिवस, दहावा दिवस झाला की ते बीज पुढे सरकतं आणि बाहेर पडू शकतं. आणि आपल्याकडे होतं काय, केमिस्टने सांगितलेलं असतं "पाळीच्या पाचव्या दिवशी सुरू करा", ते फक्त पहिल्या पाकिटाला लागू असतं, पण बाई दर महिन्याला रक्तस्राव सुरू व्हायची वाट बघते आणि तिथून पाच दिवस मोजते. रक्तस्राव गोळी संपल्यावर दोन-चार दिवसांनी येतो, एखाद्या महिन्यात उशिरा येतो, एखाद्या महिन्यात येतच नाही, की झाली गॅप बारा दिवसांची. म्हणून नियम एकच: पहिलं पाकीट ज्या वारी सुरू केलंस त्याच वारी प्रत्येक नवीन पाकीट सुरू, पाळी आली असो, चालू असो, आलीच नसो. मंगळवार म्हणजे मंगळवार. म्हणूनच नवीन मुलींना मी २८चं पाकीट घ्यायला सांगते, २१ पांढऱ्या हॉर्मोनच्या आणि ७ तपकिरी लोहाच्या, त्यात सुट्टीच नाही, रोज एक, संपलं की दुसऱ्या दिवशी पुढचं पाकीट.

आणि गोळ्या पाकिटातच ठेव. हे मुद्दाम सांगतेय कारण तू सासूबाईंना कळू द्यायचं नाही असं लिहिलंयस. एकजण माझ्याकडे आली होती, तिनेही हेच केलं, पाकीट दिसू नये म्हणून सगळ्या गोळ्या फोडून कुंकवाच्या करंड्यात ठेवल्या, रोज देवापुढे दिवा लावताना एक काढून घ्यायची. करंडा पर्समधून काढून तिने माझ्या टेबलावर उघडला, आत लाल झालेल्या पाच गोळ्या, पांढऱ्या कुठल्या आणि तपकिरी कुठल्या हे ओलं बोट फिरवल्याशिवाय कळत नव्हतं. मधल्याच आठवड्यात लोहाच्या गोळ्या घेतल्या गेल्या होत्या. एक दिवससुद्धा चुकवला नव्हता तिने, तरी तिला दिवस जाऊन दोन महिने झाले होते. ती रडत होती आणि मी तिला काय सांगणार? पाकीट लपवायचंच असेल तर ऑफिसच्या बॅगेच्या आतल्या कप्प्यात ठेव, पण फॉइलमध्येच राहू दे, मागे वारांचे बाण असतात त्यावरून एका नजरेत कळतं आजची घेतली का नाही.

शिफ्टचं विचारलंस. अशी वेळ शोध की दिवसाची शिफ्ट असो वा रात्रीची, तू जागीच असतेस. रात्री साडेआठ ही तुझ्यासाठी बरी दिसतेय, डे शिफ्टला घरी आलेली असतेस आणि नाइटला घरून निघत असतेस. मोबाइलला अलार्म लाव, नाव काहीही दे, "बिल भरणे" दे. तास-दोन तास इकडेतिकडे झाले तर या गोळीला चालतं. एखादी राहिली तर आठवेल तेव्हा लगेच घे, दुसऱ्या दिवशी आठवलं आणि दोन एकदम घ्याव्या लागल्या तरी हरकत नाही, बाकीच्या नेहमीप्रमाणे. दोन किंवा जास्त राहिल्या तर शेवटची राहिलेली तेवढी घे, आधीच्या सोड, पुढे रोज चालू ठेव आणि सात दिवस कंडोम वापरा. हे तिसऱ्या आठवड्यात झालं तर सुट्टी घ्यायची नाही, तपकिरी गोळ्या सोडून थेट नवीन पाकीट. पहिल्या आठवड्यात झालं आणि संबंध आलेले असतील तर तेव्हा आयपिलची खरी गरज असते. गोळी घेतल्यावर दोन-तीन तासांत उलटी झाली तर दुसरी घे.

सुरुवात कधी? पाळीच्या पहिल्या पाच दिवसांत कधीही, मग पहिल्या दिवसापासून संरक्षण आहे. वाट बघायची नसेल तर इतर दिवशीही सुरू करता येते, फक्त दिवस गेलेले नाहीत याची खात्री हवी आणि पहिले सात दिवस कंडोम. तुझी शेवटची आयपिल तीन आठवड्यांपूर्वीची म्हणतेस, तर आता घरीच एक युरिन टेस्ट करून घे, सकाळच्या पहिल्या लघवीची.

पहिले तीन महिने जरा कटकटीचे असतात हे आधीच सांगते. मळमळ होईल, ती रात्री जेवल्यावर घेतली की कमी होते, छाती जड वाटेल, मधेच डाग पडतील. डाग पडले की मुली घाबरून गोळी बंद करतात आणि तिथेच फसतात, डाग पडणं म्हणजे गोळी फेल गेली असं नाही, चालू ठेवायची. तीन महिन्यांनंतरही तसंच असेल तर ये, गोळी बदलू. वजनाचं सगळ्याजणी विचारतात, अभ्यासांत गोळीमुळे मोठी वजनवाढ दिसलेली नाही. मूड खूप उतरला, रडू येत राहिलं तर मात्र मनाचे खेळ म्हणून गप्प बसू नकोस, सांग, तुझं म्हणणं खरं धरून आपण दुसरं काहीतरी बघू. एका पोटरीत दुखून सूज आली, छातीत दुखलं, दम लागला, डोकं आयुष्यात कधी दुखलं नव्हतं असं दुखलं, दिसायला किंवा बोलायला त्रास झाला, पोटात जोरात दुखलं, तर अपॉइंटमेंटची वाट न बघता कॅज्युअल्टी गाठायची आणि तिथे आधी सांगायचं की मी गर्भनिरोधक गोळी घेते.

चांगल्या गोष्टी पण आहेत, त्या कुणी सांगत नाही. पाळीत अंगावरून कमी जातं, पोटदुखी कमी होते, आणि आपल्या निम्म्याअधिक बायकांना रक्त कमी असतं त्यांना याचा फायदा होतो. अंडाशयाचा आणि गर्भाशयाच्या अस्तराचा कॅन्सर व्हायची शक्यता कमी होते, गोळी बंद केल्यावरही कितीतरी वर्षं. स्तनाच्या आणि गर्भाशयमुखाच्या कॅन्सरची किंचित वाढते आणि बंद केल्यावर हळूहळू पूर्ववत होते, हेही लपवत नाही. आणि गौरी-गणपतीला पाळी पुढे ढकलायची म्हणून बायका नॉरएथिस्टेरॉनच्या गोळ्या मैत्रिणीकडून मागून घेतात, त्या गर्भनिरोधक नाहीत, रोजच्या गोळीबरोबर घ्यायची गरजही नाही. तुझी ही गोळी चालू असेल तर तपकिरी गोळ्या सोडून सरळ पुढचं पाकीट सुरू कर, पाळी पुढे जाईल.

ऑरा निघाला तर निराश होऊ नकोस, इस्ट्रोजेन नसलेले बरेच मार्ग आहेत. नुसत्या डेसोजेस्ट्रेलची रोजची गोळी असते, वेळेची जरा जास्त कडक, बारा तासांपेक्षा उशीर नको. कॉपर-टी आहे, मूल झालेलं नसलं तरी बसवता येते. छाया आहे, लखनऊच्या सीडीआरआय या सरकारी औषध संशोधन संस्थेत शोधलेली आपली स्वतःची गोळी, पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा, मग आठवड्यातून एकदाच, रोजची लपवाछपवी नाही, पीसीओडी असेल तर मात्र सहसा देत नाहीत. महापालिकेच्या नागरी आरोग्य केंद्रात माला-एन, छाया आणि कंडोम फुकट मिळतात, आशाताईंकडेही मिळतात, आणि तिथे बीपीही बघून देतात. काही ठिकाणी "नवऱ्याला घेऊन या" म्हणतात, तशी सज्ञान बाईला गरज नाही, शांतपणे सांगायचं आणि बसून राहायचं. र. धों. कर्व्यांनी मुंबईत १९२१ साली संततिनियमनाचं केंद्र काढलं, लोकांनी त्यांना काय काय ऐकवलं, शंभर वर्षं उलटून गेली आणि अजून मुलगी केमिस्टकडे गर्दी ओसरायची वाट बघत उभी राहते, याचं मला फार वाईट वाटतं.

जाऊबाईंचं. त्या खोटं बोलत नसाव्यात, त्यांनी ऐकलंय ते सांगितलं. १९६०मध्ये अमेरिकेत पहिली गोळी आली तेव्हा त्यात हॉर्मोनचं प्रमाण आजच्या कित्येक पट होतं, त्रासही तसाच व्हायचा, ती भीती एकीकडून दुसरीकडे इतकी वर्षं चालत आलीये. शिवाय गोळीवर असताना पाळी कमी जाते, त्याला बायका पिशवी सुकली म्हणतात. गोळीमुळे अस्तर पातळ राहतं म्हणून कमी जातं, इतकंच. ती शरीरात साठत नाही, बंद केल्यावर बहुतेकींची पाळी एक ते तीन महिन्यांत आपल्या मूळ चालीवर येते आणि बऱ्याचजणींना पहिल्या काही महिन्यांतच दिवस राहतात. ज्यांना आधीपासून पीसीओडी असतं त्यांची अनियमित पाळी गोळीने झाकलेली असते, गोळी थांबली की ती पुन्हा दिसते आणि दोष गोळीवर येतो. पाच वर्षं गोळी घेऊन मग थांबलेल्या कितीतरी मुलींची बाळंतपणं मी केलीयेत, जाऊबाईंना हे माझ्या नावावर सांग.

तर या आठवड्यात युरिन टेस्ट कर, बीपी बघून घे, दोन वेगळ्या दिवशी बघितलंस तर उत्तम, आणि डोळ्यासमोर चमकतं का, मुंग्या येतात का ते आठवून मला लिही. तोपर्यंत कंडोम चालू ठेवा. आणलेलं पाकीट फेकू नकोस आणि सुरूही करू नकोस, डॉक्टरकडे जाशील तेव्हा बरोबर घेऊन जा.